ढालकरी ताईचा कीबोर्ड

ताईच्या धाकट्या बहिणीला जुळे झाले, त्या वर्षी मी या घरात आलो. सगळे घर दवाखान्यात होते आणि मला खोक्यातून बाहेर काढायलाही कोणाला सवड नव्हती. आठ दिवस मी दाराशी चपलांच्या शेजारी पडून होतो. मित्रांनो, मी एक कीबोर्ड आहे. आता जुना झालो आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या एकशे चार कळा होत्या. त्यांतल्या सत्त्याण्णव अजून दबतात.

कारखान्यात एका बाईने माझी प्रत्येक कळ एकदा दाबून पाहिली आणि मला पुढे सरकवले. तेवढेच माझे बालपण. पुढचे आयुष्य ताईच्या बोटांखाली गेले.

ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. संध्याकाळी सातला घरी आली की हात धुवायची, मला ब्रशने झाडायची आणि संगणकावर खेळ सुरू करायची. खेळात राक्षस होते, किल्ले होते. दूरदूरच्या गावांतली माणसे आपापल्या घरात बसून त्यात एकत्र लढायची. शिरताना प्रत्येकाने आपला पेशा निवडायचा असे. ताई ढालकरी होती. तिचे मामा वैद्य होते. छापखान्यात काम करणारा तिचा एक मित्र जादूगार होता. तो इतका किडकिडीत होता, की सगळे त्याला काडीपैलवान म्हणत.

मामा खरे तर क्रेन चालवणारे. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. दुसऱ्या गावी एका खोलीत ते एकटे राहत. डबा आणून देणारी बाई सोडली, तर दिवसभर त्यांच्याशी बोलायला कोणी नसे. संध्याकाळी मात्र ते खेळात येत आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी वैद्यकी करत. जखम बांधायला दुसऱ्या वैद्याला एक क्षण लागे, मामांना चार. तेवढ्यात राक्षसाने त्यांना सहज लोळवले असते. पण ढालकऱ्याकडे एक विद्या होती. तिचे नाव 'आड येणे'. सोबत्यावर वार होताना ताईने माझी खालची लांब पट्टी दाबली, की तो वार तिच्या ढालीवर पडायचा. तिचा अंगठा त्या पट्टीवरून हलत नसे.

"सावकाश करा मामा. मी आहे," ताई म्हणायची.

"सावकाशच करतोय गं. घाईची बोटं दुसऱ्या हाताला होती, ती झोपलीत," स्पीकरमधून मामा हसायचे.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग खेळाच्या चर्चेच्या पानावर वाद पेटला. ढालकरी हवाच कशाला? त्याच्या तलवारीत दम नाही, त्याला बरोबर घेऊन फायदा काय? एकाने लिहिले, "ढालकरी म्हणजे चालतंबोलतं दार." त्यावर दुसऱ्याने लिहिले, "ढालकऱ्याच्या हातून मरण्याआधी राक्षस म्हातारा होऊन मरेल." काडीपैलवानही चिडवू लागला, "ताई, तुझ्या तलवारीनं भाजी तरी चिरते का गं?"

"तुझं नाक चिरून बघू का आधी?" ताई हसून म्हणाली. पण माझ्यावर तिची बोटे ताठरली, ते मला कळले.

तीन आठवडे तिने काचेचा नंबर मोजावा तशी प्रत्येक लढाई मोजली. इतरांच्या तलवारीचा घाव शंभराचा, तर ढालकऱ्याचा चाळिसाचा. हे सगळे मांडून तिने कंपनीला त्या पानावर लांबलचक पत्र लिहिले. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची तिची एक रीत होती. आपण होऊन एक गोष्ट सोडतो म्हणायचे, म्हणजे समोरचा ओशाळून दुसरी देतो. त्याच सवयीने तिने शेवटी लिहिले, "हवे तर आमचे आड येणे काढून घ्या, पण तलवार पुरी द्या."

पत्र तिने मामांना वाचून दाखवले. 

"ती शेवटची ओळ नको, राहू दे ना," ते हळूच म्हणाले.

"अहो मामा, असंच लिहायचं असतं. ते काढतील होय? ते काढलं तर ढालकऱ्यात उरतं काय?"

"तुला जास्त कळतं बाई," मामा म्हणाले.

ताईने पत्र पाठवले. चार हजार जणांनी त्याला मान्यता दिली. दीड महिन्याने कंपनीने खेळ बदलला. वर लिहिले होते, 'ढालकऱ्यांच्या मागणीनुसार'. तलवारीचा घाव शंभराचा झाला होता. आड येणे गेले होते.

त्या संध्याकाळी पहिलाच बाण मामांवर आला. ताईने पट्टी दाबली. काही झाले नाही. तिने पुन्हा दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. मामा पडले.

"मामा, लागलं का हो?" ती ओरडली.

"खेळातच पडलोय. तू लढ."

दुसऱ्या दिवशी काडीपैलवान आपला जादूगार घेऊन मामांपुढे उभा राहिला. आड येण्याची विद्या त्याच्याकडे नव्हती; बाण त्याच्या आरपार जाऊन मामांना लागला. तिसऱ्या दिवशी बरोबरच्या लढवय्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "हा वैद्य बदला राव, रोज याच्यामुळे हरतोय." मामा ते ऐकत होते. आठवड्याने ते यायचेच थांबले.

मित्रांनो, त्यानंतर ताई लढली नाही. ती फक्त लिहीत राहिली. ढालकऱ्याचे काम मारणे नव्हे, दुसऱ्याला वेळ मिळवून देणे आहे. तलवार परत घ्या, निम्मी करा, हवी तर काढूनच टाका, पण आड येऊ द्या. तिने अशी एकतीस पत्रे लिहिली. ज्यांनी पहिल्या पत्राला मान्यता दिली होती, तेच आता लिहीत, "तूच मागितलंस ना? मग आता रडतेस का?" नवी तलवार त्यांना फार आवडली होती. कंपनीचे उत्तर एकदाच आले, दोन ओळींचे. तिची मूळ सूचना त्यांना मोलाची वाटली होती. ते वाचून ताईने मला दोन्ही मुठींनी मारले. माझ्या सात कळा गेल्या. मला राग आला नाही. तिचा हात सुजला होता.

ती रोज फोन करायची. "मामा, या ना. लढायचं नाही. खेळातल्या नदीकाठी नुसतं बसू."

"बसायला माझी खुर्ची आहे की गं," मामा म्हणायचे.

एका रविवारी ती त्यांच्या गावी जाऊन आली. आल्यावर काडीपैलवानाला सांगताना तिला धड बोलता येईना. मामांनी संगणकावर टॉवेल टाकून ठेवला होता. डाव्या हाताची दोन बोटेही आता आखडली होती. "मी म्हटलं, चुकलं माझं," ताई म्हणाली. "तर म्हणतात, तुझ्यावर राग नाही गं. माझ्यापायी चार माणसं हरतात, ते बघवत नाही."



आता मी कपाटावर पडून असतो. अंगावर धूळ आहे. मित्रांनो, तुमच्या कीबोर्डवर चहा सांडू नका, चुरा पाडू नका, हे तर सांगतोच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. चारचौघांच्या वतीने काही मागायला बसलात, तर त्या देवाणघेवाणीत ज्याचे जाणार आहे त्याला आधी विचारा. तो हळू आवाजात "राहू दे" म्हणाला, तर तेवढ्यावरच हात थांबवा. पाठवलेले पत्र मला परत आणता येत नाही. मी कळा दाबून घेतो, एवढेच मला येते.

मामा बारा फेब्रुवारीला, शुक्रवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास गेले. डबेवाल्या बाईने दार ढकलले, तेव्हा ते खुर्चीत होते. ताईला दुकानात फोन आला.