तीन फवारण्या

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजात चुडामणनाना शिपाई होते, पण शीतलच्या प्रयोगातली पांढरीफटक रोपं दिसली आणि त्यांच्यातला धरणगावचा शेतकरी जागा झाला. कुणाला न विचारता त्यांनी लोह-झिंकच्या तीन फवारण्या उरकल्या. पंक्तीत वाढावं तशा पांढऱ्या आणि शेजारच्या हिरव्या, दोन्ही ट्रेंना सारख्या.

आज पीएचडीच्या परीक्षकांपुढे शीतल सांगत होती, "मोडलेल्या डीएनएचे तुकडे पेशीत पुन्हा वापरायला लावणारं एन्झाइम या रोपांत नाही, म्हणून ती पांढरी. शेजारच्या रोपांना त्याचा जनुक परत दिला, ती हिरवी झाली."

"पांढऱ्यांना लोह-झिंकसारखी अन्नद्रव्यं कमी पडली नसतील कशावरून? देऊन पाहिलीत?" परीक्षकांनी विचारलं.

शीतलने ते करून पाहिलंच नव्हतं. पाच वर्षांचं काम एवढ्याशा प्रश्नावर अडलं.

चहा घेऊन आलेले नाना दारातच थबकले. आता बोललं तर बोलणी खावी लागणार, न बोललं तर पोरीची पीएचडी जाते.

"मी दिधं, सर. दोन्ही ट्रेले सारखं. तारखा कॅलेंडरवर शेतस."

"तरी पांढरीच?"

"पांढरीच. तेस्नं दुखणं खतनं नही."

परीक्षक हसले आणि त्यांनी सहीसाठी पेन काढलं. नानांवर डोळे वटारायला वळलेल्या शीतललाही हसू फुटलं. नानांनी परीक्षकांच्या बशीत दोन बिस्किटं जास्तीची ठेवली.