न लिहिलेल्या इशाऱ्याची दुरुस्ती

अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या एका सभागृहात सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. कर्नल, कंत्राटदार, हिशेबनीस, सगळे हातात कॉफी धरून डॉ. वेंडेल स्ट्रॅटनची वाट पाहत होते. संरक्षण खात्याच्या सॉफ्टवेअरचा खर्च ठरल्याच्या दुप्पट होतोच, हे सगळ्यांना पाठ. स्ट्रॅटनचा अंदाज मात्र डॉलरला डॉलर खरा ठरायचा. लोक त्याच्या कोटाला हात लावून यायचे.

"आकडा मी काढत नाही, मित्रहो," तो डोळे मिटून म्हणाला. "मी फक्त रिकामा होतो. आकडा उतरतो."

"लवकर उतरवा, जेवायची वेळ होईल," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, आणि हसतहसत लिहून घ्यायला सरसावले.

मी उठलो. माझी बायको लॉरेटा बचाव हेलिकॉप्टर चालवायची. धुक्यात डोंगरावर आदळून गेली. डोंगर जवळ आला की ओरडणारा इशारा तिच्या हेलिकॉप्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये असायला हवा होता; त्याचाही आकडा स्ट्रॅटनवरच उतरला होता. तसलीच हेलिकॉप्टरं अजून उडत होती, आणि त्यांच्याच पुढच्या कामाचा आकडा आज उतरणार होता.

"डॉक्टर, तो इशारा कुठे आहे?"

"तुमचं दुःख मी समजू शकतो, हॅस्कल. तो देखभालीत आहे."

"म्हणजे दुरुस्ती चाललीय?"

"अगदी बरोबर."

"मग मोडका का होईना, वाजवून दाखवा."

स्ट्रॅटन पाणी प्यायला. पुढच्या रांगेतले एक कर्नल ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोग्रामर यव्हेट थिबोडोकडे वळले. "दाखवा ना, बाई."

"काय दाखवू, सर? तो लिहिलेलाच नाही. पैसे संपले तेव्हा डॉक्टरांनी उरलेलं सगळं काम देखभालीत ढकललं. देखभालीचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो. तो यांच्या अंदाजात मोजत नाहीत."

झाला चमत्कार. पैसे संपतील तिथे काम पूर्ण म्हणायचं. असा अंदाज माझा कुत्रासुद्धा चुकवणार नाही.

कर्नलांनी घसा खाकरला. "पण आकडा चुकला नव्हता ना?"

"एका डॉलरनेही नाही," स्ट्रॅटन म्हणाला.

टाळ्या पडल्या. नवा आकडा दुपारी मंजूर झाला. इशारा देखभालीतच राहिला, आणि हेलिकॉप्टरं उडतायत.

कुणाचा अंदाज खरा ठरला म्हणून पाया पडायला धावू नका. त्या पैशात काय व्हायचं होतं ते आधी विचारा आणि ते समोर चालवून दाखवायला सांगा. चालत नसेल, तर ते नाही. त्याला दुरुस्ती म्हटल्याने डोंगर बाजूला होत नाही.