शौकतची वीट

कोलंबो पाहायचं खूळ शौकतचं. चिंचवड स्टेशनाजवळ त्याच्या बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथं दिवसभर रेडिओ सिलोन चालू असायचा. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातून शिफ्ट सुटली की मी तिथंच गाणी ऐकत बसायचो. एके दिवशी शौकत म्हणाला, गाणी येतात ते गाव तरी बघून येऊ. माझी बायको मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, मी मोकळाच होतो. देहूरोडच्या लष्करी भंगारातून आम्ही दोन खाकी पाठपिशव्या घेतल्या. माझे वडील म्हणाले, लोक काशीला जातात, हे गाढव रेडिओच्या दर्शनाला चाललंय. अठ्ठावन्न सालचा मे महिना होता.

धनुष्कोडीहून बोटीनं पलीकडे आणि मग रेल्वेनं कोलंबो. शहर मला बघताक्षणी आवडलं. रस्त्याला लागून समुद्र, दुमजली बस, नारिंगी रंगाची शहाळी, लुंगी नेसून काळी छत्री मिरवणारे गृहस्थ. पुणेकरांना एकदा इथं आणून उभं करावं, म्हणजे जरा गप्प बसतील, असं मी म्हणालो. रेडिओच्या इमारतीसमोर शौकतनं टोपी काढून सलाम ठोकला. रखवालदारानं आम्हांला हाकललं, तर हा पठ्ठ्या त्यालाही सलाम ठोकून आला.

मग एका दुपारी आम्ही चहा पीत असताना समोरच्या दुकानांची दारं धडाधड लागायला लागली. सिंहली आणि तमिळ लोकांत भाषेवरून पेटलंय हे आम्ही ऐकलं होतं, पण परक्याला त्याचं काय, असं मला वाटत होतं. कोपऱ्यावर टोळक्यानं एका माणसाला धरलं. त्याला काहीतरी विचारलं, मग एकानं त्याचा कान ओढून उजेडाकडे वळवला. पाळीला भोक होतं, म्हणजे तमिळ. तेवढंच त्यांना पुरलं. सायकलच्या साखळ्यांनी त्याला झोडपून खाली पाडला. तो हात जोडत होता. त्याच्यावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. माणूस जळताना ओरडतो ते मी ऐकलं. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

शौकत तिकडे बघतच नव्हता. तो माझ्या कानांकडे बघत होता. लहानपणी आमच्या सोनारानं टोचलेले माझे कान. बाळी कधीच गेली होती, भोकं राहिली होती. आमच्याकडे हिंदूच्या पोराचे कान टोचतातच, त्यात काय पाहायचं? पण त्या क्षणी मला समजलं, की आता मी मरणार.

चहावाल्यानं आम्हांला बाहेर ढकलून फळ्या लावल्या. आम्ही शेजारच्या बोळात पळालो, तर बोळ पुढे बंद. मी टॉवेल काढून कानांवरून गुंडाळायला लागलो.

"टॉवेल ते वढून काढतील," शौकत म्हणाला. त्यानं भिंतीकडेची वीट उचलली. "जोतीराम, शिव्या मागनं दे."

त्यानं वीट माझ्या कानशिलाच्या वर घातली. मी भिंतीवर आपटलो. रक्त पुरेसं आलं नाही असं वाटलं की काय, त्यानं दुसऱ्या बाजूलाही घातली. मग अंगातला सदरा टराटरा फाडून डोक्यावरून, दोन्ही कानांवरून, हनुवटीखालून करकचून बांधला. कापड भिजून डोळ्यांत रक्त उतरायला लागलं.

टोळकं आलं. त्यांनी आधी शौकतचे कान ओढून पाहिले आणि त्याला बाजूला लोटलं. साखळीवाल्यानं माझ्या पट्टीला हात घातला. शौकत माझ्यावर पडून गळा काढून रडायला लागला. तसा एकानं त्याच्या पाठीत साखळी हाणली, पण तो उठेना. साखळीवाल्याचा हात रक्तानं भरला होता. तो त्यानं माझ्याच सदऱ्याला पुसला, काहीतरी बोलला आणि सगळे निघून गेले.

परतीच्या बोटीवर मी शौकतच्या थोबाडीत मारली. का मारली, मला सांगता येत नाही. दुसरी वीट घालायची गरज नव्हती, असं म्हणालो बहुतेक. त्यानं उलट मारली नाही. मग आम्ही दोघंही रडलो.

घरी मी रेल्वेतून पडलो म्हणून सांगितलं. पुढे मंजुळा मुलाला घेऊन आली आणि दिवाळीनंतर एका सकाळी वडिलांनी सोनार बोलावला. त्यानं सोन्याची तार काढली मात्र, मी लाथेनं त्याची पेटी उडवली. वडिलांनी सगळ्यांसमोर माझ्या कानफटात दिली.

"पोराचं कान टोचायचं न्हाईत? का? आपण हिंदू न्हाई का?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. ती साखळी, ते रॉकेल, ती वीट. मंजुळानं पोराला छातीशी धरलं. वडिलांनी दाराशी उभ्या असलेल्या शौकतकडे पाहिलं. मग खाली बसून सोनाराच्या विखुरलेल्या चिजा स्वतःच गोळा करायला लागले. कान टोचताना पोराला मामानं मांडीवर घ्यायचं असतं आणि मंजुळाला भाऊ नव्हता. वडिलांनी शौकतला आत बोलावून पाटावर बसवलं, पण मी मुलाला सोडेना.

शौकतनं माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पोराला मांडीवर घेतलं.

"टोचा," तो सोनाराला म्हणाला. "इटा कुटंबी मिळत्यात."