चौथा खांदा

"तीनच!" भैरूने बोटं मोजली. "सोनबा, महिपती आन् तुळसाचा दादला. चौथा मी. आता मलाच डोलीत घालायचं तर चौथा खांदा कुठून आणायचा? तुझ्या कंपनीतून?"

महाडच्या कंपनीत कामाला असलेला त्याचा मुलगा किरण हॉस्पिटलची फाईल चाळत बसला.

पोलादपूरच्या डोंगरमाथ्यावरची ही सात घरांची वाडी. रस्ता नाही. आजारी माणूस असो की अडलेली बाई, बांबूच्या डोलीत घालून दीड तासाची उतरण उतरायची. तीस वर्षं त्या डोलीचा पुढचा दांडा भैरूच्या खांद्यावर होता. आणि आता त्याच भैरूच्या मणक्यात कॅन्सरची गाठ! दैवाची थट्टाच म्हणायची, दुसरं काय.

मुंबईच्या डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. ऑपरेशन केलं तर दुखणं कमी होईल, पाय बहुधा वाचतील. पण टेबलावरच पाय जाण्याची भीतीही होती, आणि आजार मुळापासून जाणार नव्हता तो नव्हताच. नाही केलं तर दोन-तीन महिन्यांत पाय जाणार, हे नक्की. "पायाला मुंग्या येतायत तोवर या," ते म्हणाले होते. "एकदा पाय बधिर झाला, की तो परत येईल असं मी सांगू शकत नाही."

या गोष्टीला पंधरा दिवस झाले. भैरू रोज खांदे मोजत बसायचा आणि त्याची बायको धोंडूबाई आतल्या आत जळायची. आज तिचा बांध फुटला.

"अवो, खांदे कसले मोजताय? चार खांदे मढ्याला लागतात! तुमचे पाय गेले तर मी धरीन चौथा दांडा. मी काय मेलीय?"

"तू?" भैरू हसला आणि हसता हसता कंबर धरून वाकला. कळ ओसरल्यावर म्हणाला, "बरं. उद्या जाऊ. करू दे काय करायचं ते. पर उतरणार मी माझ्या पायानं."

"आबा, डॉक्टर बोलला, झटका नको. रिस्क हाय."

"डोलीत काय झटकं कमी बसतात? मी उचललीय रे, मला ठावं हाय."

सकाळी निघाले. पुढे फाईल घेऊन किरण, मधे काठी टेकत भैरू, मागे धोंडूबाई. त्याचं प्रत्येक पाऊल नीट पडेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा. भैरू मात्र खुशीत होता. एका वळणावर थांबून म्हणाला, "हितंच तुळसाची पोर डोलीत जल्माला आली. काय रडली ती! सोनबा घाबरून दांडा सोडत व्हता."

निम्मी उतरण झाली.

"बघ गो," तो मागे न वळता म्हणाला, "उगाच जीवाला घोर लावलास. आज सकाळपासनं मुंग्या पन नायत. डावा पाय कसा हलका वाटतोय."

धोंडूबाई थबकली. तिने खाली पाहिलं. त्याची डावी चप्पल चार पावलं मागे, दगडात अडकून राहिली होती. अनवाणी पाय धारदार खडीवरून चालला होता. टाचेतून रक्त येत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

तिने मागे जाऊन चप्पल उचलली, पदराखाली धरली.

"अवो, जरा बेगीनं चला."

"का गो? कसली घाई?"

"काय नाय. यष्टी चुकंल."

"बरं बाई," म्हणत भैरूने काठी पुढे टाकली आणि झपाझप पावलं उचलली.