काटा आणि काटा-२

बीबी गावच्या कापूस जिनिंग सोसायटीत तीन कॉम्प्युटर मेले. एक धुळीनं, एक उंदरानं. तिसरा कशानं, ते कळलं नाही.

उरला एक, मोठा. सोसायटीचे कॉम्प्युटर पाहणाऱ्या नाजिशनं ठरवलं, त्याच्याच पोटात तीन वेगवेगळी आभासी मशीनं चालवायची: ऑफिसचं, कॅमेऱ्याचं, वजनकाट्याचं. काट्यावर तिचे अब्बा बसत, गफ्फारभाई. वर्ष बोंडअळीचं. ट्रॉलीत कापूस कमी, म्हणून काट्यावर नजरा जास्त.

पण पोटातली मशीनं सांभाळायची कशानं?

पर्याय दोन. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड उघडा. व्हर्ट-मॅनेजर हलकं, तिच्या हाताला सवयीचं. प्रॉक्समॉक्स ब्राउझरमध्ये उघडणारं, पण आत शिरताना दर वेळी पाटी:

तुमच्याकडे वैध वर्गणी नाही.

नाजिश दोन्ही लावून पाहत होती. नेमकी ही पाटी गुलाबरावांनी वाचली. गुलाबराव सोसायटीचे संचालक. त्याआधी बियाण्याचे दुकानदार.

"वैध नाही म्हंते हे. चोरून आणलं काय?"

"नाही काका. पैसे भरले तर ते मदत करतात. नाही भरले तरी चालते."

"फुकट काऊन देतात पण?"

"कोणीबी आतून उघडून पाहू शकते."

"तू पाह्यलं?"

"...थोडं."

"थोडं!" गुलाबराव हसले. "मीबी बीटीच्या पिशवीवरचं थोडंच वाचलं होतं, बेटा. अळी लागत नाही, एवढंच."

हसता हसता त्यांची नजर पडद्यावर खाली सरकली.

ऑफिस.
कॅमेरा.
काटा.
काटा-२.

हसू गेलं.

"हा दुसरा कोनासाठी?"

"कॉपी आहे काका. पहिला बिघडला तर..."

कॉपीला नाव तिनंच दिलं होतं, पटकन, विचार न करता. कापसाच्या बाजारात दुसऱ्या काट्याचा अर्थ एकच. घ्यायचा वेगळा, द्यायचा वेगळा.

चहा येईपर्यंत बातमी फाटकावर. रांगेतल्या ट्रॉल्या जागच्या हलेनात.

"गफ्फारभाई, आज कोन्त्या काट्यावर बसले?"

लोक हसले. गफ्फारभाईंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. आत येऊन हळूच म्हणाले, "नाजिश, वो दूसरा निकाल दे."

"निकालूँ तो बोलेंगे, सबूत मिटा दिया."

आणि दुसरा काढल्यावर पहिला खरंच बिघडला, तर ट्रॉल्या मेहकरच्या व्यापाऱ्याकडे वळतील. त्यावरही लोक बोलतील. बोलायला काय लागतं.

तिनं पडदा खिडकीत आणून बाहेर वळवला. एक ट्रॉली काट्यावर घेतली. आकडा आला. पहिलं मशीन बंद केलं, काट्याची केबल काटा-२ ला दिली. तीच ट्रॉली. तोच आकडा.

गर्दी खिडकीशी सरकली.

"आता सारखंच दाखवीन ते," गुलाबराव म्हणाले. "आम्ही गेल्यावर?"

नाजिश चिडली. आवाज मात्र चढवला नाही.

"मग चाबी तुम्हीच ठेवा, काका. माझा पासवर्ड काढते, तुमचा टाकते. कोणता चालू, कोणता बंद, सारं तुमच्या हातात."

गुलाबरावांची मान होकारार्थी हलायला लागली होती. तेवढ्यात ट्रॉलीवरून कोणीतरी:

"म्हंजे काटा आता गुलाबरावच्या हाती? बियानं यायनंच देल्लं होतं ना बे?"

"हाव. ग्यारंटीचं."

"मंग तर झालंच!"

मघाच्या नजरा, सगळ्याच्या सगळ्या, गफ्फारभाईंवरून उठल्या आणि गुलाबरावांवर येऊन बसल्या.

"नको. मले नको चाबी," गुलाबराव घाईनं म्हणाले. "मले नुसतं पाहता यावं, हात लावता येऊ नये, असं काही नाही काय त्याच्यात?"

होतं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये असं सहज जमणारं नव्हतं. प्रॉक्समॉक्समध्ये होतं: सगळं दिसणार, काहीच बदलता येणार नाही, आणि कोणी काय चालू केलं, काय बंद, त्याची नोंद खाली सरकत राहणार. नाजिशनं तिथल्या तिथे निवड केली. तसं एक खातं बनवलं आणि खिडकीतल्या पडद्यावर उघडं ठेवलं. गुलाबरावांसाठी, आणि रांगेतल्या प्रत्येकासाठी.

"चल, चढव," गफ्फारभाईंनी हाक मारली.

ड्रायव्हर उतरला. मागे कापसावर बसलेल्यालाही, त्याचं वजन कापसात धरलं जाऊ नये म्हणून, त्यानं खाली ओढलं. ट्रॉली काट्यावर चढली. गफ्फारभाईंनी आकडा मोठ्यानं सांगितला. पुन्हा कोणी विचारला नाही.

गुलाबराव खिडकीपाशी उभे होते. पडद्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं; नजरा अजून त्यांच्यावरच होत्या. त्यांनी खिशातले हात बाहेर काढले आणि सगळ्यांना दिसतील असे कठड्यावर ठेवले.