खोटी हजेरी लावणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्यात जीव उरलेला नाही, तरी मी शाळेत जाऊ लागलो. कसा, ते सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या काचेत बघून भांग पाडावा, असा मी चकचकीत होतो. थंडर बे गावातल्या मारेन कोस्केला या मुलीच्या हातात मी पडलो. तिचे बाबा दूर पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेले होते. दर रविवारी व्हिडिओ कॉल करून ते माझ्या काचेत दिसायचे. मारेन मला सिरपच्या बाटलीला टेकवून उभं करायची आणि त्यांना आपला पॅनकेक दाखवायची. तेव्हा घरात माझा केवढा रुबाब होता!

पुढे बाबांचे फोन विरळ झाले. वाट बघताना मारेनला भीती वाटली, की ती माझ्यावर बोट फिरवायची. एक व्हिडिओ, मग दुसरा. भीती जरा दबायची, पुन्हा वर यायची, आणि बोट पुन्हा फिरायचं. आई म्हणायची, "या डबड्यानं माझी पोर गिळली." मला फार लागायचं ते. पण मी भीती झाकत होतो, घालवत नव्हतो, हेही खरंच.

मग नवा फोन आला आणि मी खणात गेलो. अंधारात मोज्यांच्या सोबतीला पडून राहिलो.

शाळेत नियम निघाला, की वर्गात शिरताना दारामागे टांगलेल्या कापडी खिशांपैकी एकात आपला फोन ठेवायचा. मारेननं मला शोधून काढलं. वाटलं, आली हिला माझी आठवण! कसली आठवण? मला खिशात ठेवून नवा फोन ती बाहीत दडवायची. आजूबाजूचे फोन थरथरायचे, उजळायचे. त्यांच्यात मी एकटाच गप्प असायचो.

एकदा बाहीतला फोन वाजला. कुठल्याशा खेळाची जाहिरात होती. वर्ग हसला. तास संपल्यावर बोद्री सरांनी मला काढून बटण दाबून पाहिलं.

"मेलेला हजेरीला, जिवंत बाहीत. भलतीच हुशार आहेस गं," ते म्हणाले. मग तिचा चेहरा बघून, मला परत खिशात ठेवत त्यांनी आवाज उतरवला. "कोणाचा फोन यायचाय?"

"बाबांचा. येत नाही, म्हणून काहीतरी बघत राहते. थांबले की रडू येतं."

"उद्यापासून तो बाहीतला फोन माझ्या टेबलावर ठेव. बाबांचा कॉल आला तर शिकवणं थांबवून तुला देईन. तासभर वाट मी बघतो, तू फळ्याकडे बघ."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. पण सर मधूनमधून खरंच त्याच्याकडे बघत होते, आणि मारेनला ते दिसलं. तिचे हात बाकावर रिकामे होते. सवयीनंसुद्धा ते बाहीकडे गेले नाहीत.

मला परत न्यायचं मात्र तिच्या लक्षात राहिलं नाही. मी अजून त्याच खिशात आहे. मित्रांनो, कुणाच्या हातातला फोन काढून घ्यायचा तर जरूर घ्या. पण आधी विचारा, बाळा, कोणाची वाट बघतोस? मला ते कुणी विचारलं नाही. मीसुद्धा अजून त्या रविवारच्या फोनची वाट बघतो.