नख अडायची जागा

कोटाच्या कोपराला पडलेल्या भोकावर ताईने सुई टेकवली आणि ती पुन्हा निसटली. बोटं सुजून टम्म झाली होती, त्यावर पातळ सुती हातमोजे. सकाळी भावजयीने हातमोज्यांबद्दल विचारलं तेव्हा, "म्हातारपणी नखरे सुचतात गं," असं म्हणून ताईने वेळ मारून नेली होती. आता तिने सुई ओठांत धरली, बाहीचं बटण लागलेलं आहे ना, हे चाचपून पाहिलं आणि पुन्हा कोटावर वाकली.

जिन्यावर भावाची पावलं वाजली. पन्नाशीला टेकलेला, केस पिकलेला माणूस, पण तिच्या तोंडी अजून छोट्याच. काचा बसवायचा त्याचा धंदा. आज भरदुपारी काम टाकून आला होता. एका हातात मोजायची टेप, दुसऱ्या हातात नव्या घराची किल्ली.

"ताई, खुर्ची जरा पुढे घे. खिडकीच्या उजेडात बस."

"इथून दिसतंय की मला."

"घे तर खरी. काही होत नाही."

काही होत नाही, असं या घरात कुणी म्हणत नसे. ताईला ऊन सोसत नव्हतं. चार लोकांना सोसत नाही तसं नव्हे. घटकाभर उन्हात उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी कातडी लाल व्हायची, फोड यायचे, अंगात ताप भरायचा, डोळे उघडवत नसत. प्रखर दिव्याचंही तेच. म्हणून घरातले सगळे दिवे कागदी टोप्या घालून बसलेले, ट्यूबलाइट फक्त स्वयंपाकघरात, तीही दार लावून. भावाची मुलं या अंधुक घरात वाढली आणि आपापल्या कामाला लागून दूर गेली. पाहुणा आला की त्याला आधी दाराच्या चौकटीची ठेच लागायची, मग माणसं दिसायची. "या घरात कुंडीतलं रोप जगत नाही, आपण कसे जगलो कोण जाणे," असं भावजय म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणायची.

ताईच्या वाट्याला दिवस यायचा तो या एका खिडकीतून. छोट्यानेच तिच्या काचेवर एक पारदर्शक फिल्म चढवली होती. उजेड आत यायचा आणि उन्हातलं जे भाजतं ते बाहेर राहायचं. त्यावर ताईचं रफूचं काम उभं होतं. रफू दिव्याखाली होत नाही. काळा धागा आणि गडद निळा धागा दिव्याखाली सख्खे भाऊ वाटतात. पडदा अर्धा ओढून, चेहरा सावलीत आणि हात उजेडात ठेवून तिने गावभरच्या कोटांची, शालींची भोकं अशी बुजवली होती की कपड्याच्या मालकालाही सापडू नयेत.

फिल्म डोळ्यांना दिसत नव्हती. "मग ती आहे हे मला कळायचं कसं?" तिने तेव्हा विचारलं होतं. छोट्याने तिचं बोट धरून काचेच्या कोपऱ्यातून फिरवलं होतं. चौकटीपाशी केसभर जागा सोडलेली होती, तिथे नख अडायचं. सुरुवातीला ती रोज बसण्याआधी नख फिरवून बघायची. पुढे सोडून दिलं. भावाने लावलेली वस्तू किती दिवस तपासायची?

आणि आता या पंधरवड्यात तिच्या हातांवर पुरळ उठलं, मग फोड आले. आपलं दुखणं वाढलं, आता त्याला फिल्मही पुरत नाही, असं तिने ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. नव्या घराचं ठरत होतं. मोठाल्या खिडक्यांचं घर. छोट्याने तिच्यापायी मागे एक घर हातचं घालवलं होतं. हे फोड त्याला दिसले असते तर हेही घालवलं असतं. त्यापेक्षा आपण मागच्या खोलीत बसावं. रफू थांबेल, तर थांबू दे. सकाळीच तिने लाँड्रीवाल्याला फोन करून सांगितलं होतं, हातातला कोट घेऊन जा, पुढे कामं पाठवू नका. फोन ठेवून तिने सुयांची डबी पुसली होती आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ ती पुसतच राहिली होती.

छोट्या समोरच्या पलंगावर बसला. भावजय हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "चिडायचं नाही."

"तू सांग. चिडायचं की नाही ते माझं मी बघते."

"तुम्ही दोघी त्या दिवशी संध्याकाळी फिरायला गेला होतात ना? तेव्हा मी ती फिल्म काढली."

ताईची सुई हातातच राहिली.

"पंधरा दिवस तू नुसत्या काचेमागे बसलीयस, ताई. दिवसभर. आणि तुला पत्ता नाही." त्याचा चेहरा उजळला होता. लहानपणी काहीतरी जिंकून आला की असायचा, तसा. "साधं पुरळ नाही उठलं. मला तुला खोटं पाडायचं नव्हतं गं. पण सगळे म्हणायचे, एवढं कधी असतं का, निम्मं मनातलं असणार. म्हटलं, एकदा बघू. म्हणजे नव्या घरात काही भीती नको."

आधी ताईचा जीव हलका झाला. म्हणजे दुखणं वाढलेलं नव्हतं. होतं तेवढंच होतं, नेहमीचं, ओळखीचं. फिल्म लावली की ती पुन्हा खिडकीत बसू शकणार होती. तिला खरोखर बरं वाटलं. मग त्या बऱ्या वाटण्यामागून दुसरं काहीतरी हळूहळू वर आलं, आणि आपलं दुखणंच वाढलेलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

तिने भावजयीकडे पाहिलं. भावजय फरशीकडे बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"मी नको म्हटलं होतं यांना," भावजय म्हणाली. "मग म्हटलं, तुम्ही दोघं बहीणभाऊ."

ताई उठली. काचेच्या कोपऱ्यात मोज्यावरून नख लावलं आणि खाली ओढलं. ते कुठेही न अडता सरळ घसरत गेलं.

"बघ, पटलं ना?" छोट्या म्हणाला.

तिचा हात बाहीच्या बटणाकडे गेला. एक बटण काढलं असतं तर काम झालं असतं. तिने ते काढलं नाही. खुर्ची ओढून भिंतीच्या सावलीत नेली आणि बसली. शेवटचे टाके मोज्यांनी जमणारे नव्हते, म्हणून मोजे उतरवले. कोट मांडीवर असा घेतला की हात त्याच्या आड राहतील, आणि दिसत नव्हतं तिथे बोटांच्या अंदाजाने धागा ओढत राहिली.

छोट्या खूष होऊन नव्या घराच्या खिडक्यांची मापं सांगत होता, तेवढ्यात लाँड्रीवाला आला.

"काय ताई, रिटायर होताय म्हणे? मग माझ्या गिऱ्हाइकांनी भोकांसकट हिंडायचं का?"

"मिरवतील दोन दिवस," ताई म्हणाली आणि कोट त्याच्यापुढे धरला.

त्याने तो खिडकीशी नेऊन उलटापालटा करून भोक शोधलं. सापडलं नाही. हसत तो वळला, आणि त्याची नजर तिच्या हातांवर गेली.

"अहो, हे काय झालं?"

"ऊन लागलं."

"ऊन? तुम्ही तर दिवसा घराबाहेर पडत नाही."

"नाही पडत."

छोट्याच्या हातातली टेप खटकन मिटली. "ताई," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही आणि हातही झाकले नाहीत. "सकाळचं विसरा," ती लाँड्रीवाल्याला म्हणाली. "थोडे दिवस जाऊ द्या, मग कामं पाठवा. आणि तुमच्या ओळखीत कुणी काचवाला आहे का?"

"आता काय बोलावं? घरात काचवाला असताना…" लाँड्रीवाल्याने छोट्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"दुसरा हवाय," ताई म्हणाली.

तिने उठून पडदा पुरता ओढून घेतला. बाहेर पडताना छोट्याला चौकटीची ठेच लागली, पाहुण्यांना लागायची तशी.